टाच उचलते का, ते आधी बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीची आखाजी. बाहेर 43 अंशांचं ऊन, निंबाच्या झाडाला पोरींचे झोके बांधलेले, आणि आमच्या ओट्यावर माझा भाचा बर्फातले बूट घालून बसलेला. हे दृश्य बघायला अर्धी गल्ली जमली होती. बुटांच्या खाली प्लास्टिकचा एक सांगाडा, त्याला दोन जाड पट्टे आणि मागे पोटरीपर्यंत येणारा उभा टेकू. शेजारच्या आप्पांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हाई काय बैलनं मुसकं शे का?"

भाचा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. तिथे हिवाळ्यात डोंगर बर्फाने भरतात आणि माणसं पायाला एक रुंद फळी बांधून उतारावरून घसरत खाली येतात. त्या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. फळीला आणि पायाला जोडणारा जो सांगाडा, त्याला तिकडे बाइंडिंग म्हणतात. आपण बांधणी म्हणू. भाच्याने महागाची बांधणी घेतली होती, पण तासाभरात त्याच्या पायाची बोटं बधिर व्हायची. दुकानदार म्हणे, माप बरोबर आहे, सवय होईल. मित्र म्हणाले, पट्टा अजून आवळ. भाचा फोनवर मला म्हणाला, "मामा, पायाला काही बांधून चालण्याबद्दल आपल्या घरात तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. 1988 साली एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे, तेव्हाच्या सहा नंबरच्या हायवेवर, माझ्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली. तेव्हा मी 27 वर्षांचा होतो, शाळेत विज्ञान शिकवायचो. तेव्हापासून आजपर्यंत मी बांधलेल्या पायावर चालतो आहे. बर्फ मी फक्त फ्रिजमधला पाहिला आहे. पण पट्टा कुठे काचतो, कुठे फसवतो आणि कुठे खरोखर धरून ठेवतो, हे मला थोडं कळतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी त्या बांधणीचं बघू. स्नोबोर्डचा जन्म फार जुना नाही. 1965 च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्याची एक फळी केली. पुढे ती 'स्नर्फर' नावाने विकली गेली. तिच्या टोकाला दोरी होती. ती हातात धरायची आणि फळीवर नुसतं उभं राहायचं. पायाला काहीच बांधलेलं नसे. जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 साली व्हरमाँटमध्ये अशा फळ्या बनवायला सुरुवात केली. 1979 च्या स्नर्फर स्पर्धेत ते पायाचे पट्टे लावलेली फळी घेऊन उतरले, तेव्हा काहींनी हरकत घेतली. शेवटी त्यांच्यासाठी वेगळा गट करावा लागला. पाय बांधल्याने काय फरक पडतो, हे स्पर्धेतल्या लोकांना तेव्हाच कळलं होतं, असं मला यावरून वाटतं. 1998 साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. आपल्याकडे 2020 पासून गुलमर्गला भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्येही तो आहे.

बांधणीचे भाग मोजकेच. तळाला पाया, तो मधल्या गोल चकतीतून स्क्रूने फळीला पक्का करायचा. चकती फिरवून पाऊल किती तिरपं ठेवायचं ते ठरवता येतं. मागे टाचेसाठी अर्धगोल खोबण आणि तिच्यावर पोटरीला टेकणारा उभा टेकू. एक पट्टा घोट्यापुढे पावलाच्या उंचवट्यावर, दुसरा बोटांवर. पट्ट्यांना दाते असतात. इलेक्ट्रिशियन वायरी बांधायला दात्यांची प्लास्टिकची पट्टी वापरतात ना, तसंच, फक्त हे सोडताही येतं. कळ दाबत गेलं की करकर करत एकेक दाता पुढे सरकतो.

आता ही बांधणी काम काय करते? घसरणाऱ्या माणसाच्या हातात ना हँडल ना ब्रेक. फळीच्या दोन कडा हाच त्याचा सगळा ताबा. बोटांवर भार दिला की पुढची कड बर्फात रुतते, टाचेवर भार देऊन पोटरी मागच्या टेकूवर रेलली की मागची कड रुतते. म्हणजे पायाने दिलेला हुकूम फळीपर्यंत पोहोचवणं हे बांधणीचं काम. टाच खोबणीतून बोटभर जरी उचलली गेली, तर तो हुकूम आधी त्या पोकळीत विरतो आणि मग फळीपर्यंत जातो. जुवाला जोतं ढिलं असलं की बैल दोन पावलं पुढे जातो तेव्हा कुठे गाडी हिसका देऊन हलते, तसा प्रकार. गाडीवर बसलेल्याला हिसका चालतो. उतारावर मोटारसायकलच्या वेगाने जाणाऱ्याला चालत नाही.

भाच्याबरोबर त्याची फळी नव्हती. आम्ही माळ्यावरची सागाची जुनी फळी काढली, बांधणी तिच्यावर स्क्रूने बसवली, खाली धान्याचं पोतं गुंडाळून ठेवलं आणि त्याला वर उभं केलं. पाच मिनिटं काहीच नाही. "मामा, आत्ता तर छान वाटतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुकानातही छानच वाटलं होतं ना? उभा राहा. गुडघे वाकव. पुढे रेल, मागे रेल. मी चहा ठेवायला सांगतो." वीस मिनिटांनी त्याचा चेहरा बदलला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मी खाली बसलो आणि त्याला म्हटलं, बोटांवर भार दे. तेव्हा दिसलं, की बुटाची टाच खोबणीतून चांगली करंगळीभर वर येत होती.

दुखणं पुढे आणि दोष मागे, हा प्रकार पट्ट्यांच्या बाबतीत नेहमी दिसतो. टाच सुटते म्हणून माणूस घोट्यापुढचा पट्टा आवळतो. तो पट्टा नेमका पावलाच्या उंचवट्यावर बसतो. तिथे मांस जवळजवळ नाहीच. कातडीखाली शिरा, स्नायूंच्या दोऱ्या आणि ती नाडी, जिच्यावर बोट ठेवून डॉक्टर पायातले ठोके बघतात. ती दाबली गेली की पुढे बोटं थंड आणि बधिर. बोटं बधिर झाली की ताबा जातो, ताबा गेला की माणूस अजून आवळतो.

उपाय सोपा निघाला. बोटांचा पट्टा त्याने बुटाच्या वरून बांधला होता. तो पुढे घेऊन बुटाच्या नाकावर, बैलाला मुसकं घालतात तसा बसवला. (आप्पांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता!) त्यामुळे बूट मागे ढकलला जाऊन टाच खोबणीत बसली. घोट्याच्या पट्ट्याची जाड गादी एका बाजूला सरकली होती. दुसऱ्या टोकाचं छिद्र बदलून ती मधोमध आणली. मग तोच पट्टा तीन दाते सैल केला. टाच जवळजवळ बसली. राहिलेला फरक बुटाचा होता. बुटाच्या आतच टाच हलत असेल तर बाहेरची कुठलीही बांधणी ती धरू शकत नाही. ते मी त्याला सांगितलं, आणि बूट बदलायचा खर्च ऐकून त्याने विषय बदलला.

मी विचार करत होतो वेगळ्याच गोष्टीचा. त्या दुकानदाराने त्याला "ठीक आहे का?" विचारलं, आणि हा "हो" म्हणाला. मीही एकदा असाच "हो" म्हणालो होतो.

अपघातानंतर आठ महिन्यांनी मला पहिला पाय मिळाला. एका शिबिरात, मोफत. कोणाचं शिबिर ते सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती आणि गर्दी फार होती. मांडवात रांग, पुढे पाहुण्यांची भाषणं, हार-तुरे. पाय चढवला, दहा पावलं चाललो. कारागिराने विचारलं, "बरा आहे ना?" मागे चाळीस माणसं रांगेत उभी, हातात पाय घेऊन फुकट देणारा समोर. दुखतंय म्हणायला जीभ उचलत नाही हो. मी म्हणालो, "एकदम छान." फोटो निघाला.

तिसऱ्या दिवशी नडगीच्या टोकाला फोड आला. सातव्या दिवशी तो फुटला. शाळा घरापासून दीड किलोमीटर. दुखतं म्हणून मी पट्टा आवळायचो, कारण ढिला असला की चालताना पाय खाली ओघळायचा आणि पुढच्या पावलाला खुंट जोराने आत आपटायचा. आवळला की मांडीवर काच पडायचा आणि खाली खुंट सुजायचा. महिन्याभरात जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलं तर गुडघाही ठेवता येणार नाही. त्या दिवशी मी तो पाय दारामागच्या खुंटीला टांगला आणि कुबड्या काढल्या. लोकांना मी सांगत होतो, पाय उत्तम आहे, माझीच सवय होत नाही. शाळेत रजा संपत आली होती. घरी आई होती, लहान बहीण होती, आणि पगार माझा एकट्याचा.

पुढच्या वर्षी एका सहकारी शिक्षकाने मला जवळजवळ ओढतच जयपूरला नेलं. भुसावळहून खांडवा आणि तिथून मीटरगेजच्या गाडीने, दीड दिवस. सवाई मानसिंग रुग्णालयाच्या आवारात तेव्हा भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं काम चालायचं. 1975 साली डी. आर. मेहता यांनी ती स्थापन केली. मूळ पायाची कल्पना त्याआधीची, 1968 च्या सुमाराची. पंडित रामचंद्र शर्मा या फारसं शालेय शिक्षण नसलेल्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी मिळून तो पाय घडवला. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नृत्यांगना सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या पायाचं वैशिष्ट्य काय, ते विज्ञानशिक्षक म्हणून सांगतो. तोवरचं परदेशी पद्धतीचं पाऊल आतून लाकडी आणि घट्ट असे, फक्त टाचेला मऊ गादी. सपाट फरशीवर, बूट घालून चालायला ते उत्तम. पण आपण बूट काढून घरात जातो, मांडी घालतो, उकिडवे बसतो, नांगरटीतून चालतो. घोटा कोणत्याच बाजूला न वळणारं पाऊल घेऊन उकिडवं बसून बघा, टाच वर आणि माणूस मागे! जयपूर पावलात टाच आणि चवडा स्पंजासारख्या रबराचा, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, भोवती टायरच्या कॉर्डचं रबर आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. साच्यात घालून सगळं भट्टीत एकजीव करतात. त्यामुळे ते पुढे वाकतं आणि थोडं आत-बाहेरही वळतं. ढेकळावर पाय पडला तर ढेकूळ पावलाखाली सामावतं, सगळा माणूस कलत नाही. आमच्या काळ्या जमिनीत, जिथे उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसाळ्यात पायाला किलोकिलोने गारा, तिथे या एका गुणाची किंमत फार मोठी आहे.

पण पाऊल कितीही चांगलं असो, ते अंगाला जोडतं सॉकेट आणि पट्टा. खुंट ज्यात बसतो ते पोकळ भांडं म्हणजे सॉकेट. माझ्या तिथल्या पहिल्या पायाचं ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं होतं, हाताने ठोकून घडवलेलं. पुढचा पाय एचडीपीईचा मिळाला, म्हणजे ज्या प्लास्टिकचे पाइप शेतात तुषार सिंचनाला वापरतात तेच. पाइपचा तुकडा भट्टीत मऊ करायचा आणि खुंटाच्या प्लास्टरच्या साच्यावर मोज्यासारखा ओढून चढवायचा. पाइपांसाठी नाव झालेल्या जळगावच्या माणसाला हे ऐकून बरं वाटावं. शेत भिजवणारं प्लास्टिक माणसालाही उभं करतं.

तिथल्या कारागिराने मला आधी काही विचारलं नाही. त्याने माझ्या जुन्या जखमेकडे पाहिलं आणि बोटाने खुंटावर एकेक जागा दाबत गेला. मग म्हणाला, वजन कुठे घ्यायचं आणि कुठे अजिबात नाही, हे कळलं की निम्मं काम झालं. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड पट्ट्यासारखा स्नायुबंध लागतो, तो वजन सोसतो. नडगीची आतली रुंद बाजू सोसते, पोटरीचं मांस सोसतं. नडगीची धार सोसत नाही, हाडाचं कापलेलं टोक सोसत नाही, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जी छोटी हाडाची गाठ लागते ती तर मुळीच नाही. तिच्याजवळून एक मोठी नस जाते. म्हणून साच्यावर नाजूक जागी प्लास्टर वाढवतात, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे पोकळी राहते, आणि सोसणाऱ्या जागी साचा खरवडतात, म्हणजे तिथे सॉकेट घट्ट बसतं. माझ्या शिबिरातल्या पायात हे झालंच नव्हतं. सगळीकडून सारखा घट्ट, आणि सगळं वजन हाडाच्या टोकावर.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की 'बसतो' आणि 'बरोबर बसतो' यात फरक आहे आणि तो मोजता येतो. पुढच्या तीसेक वर्षांत मी सात पाय वापरले. ते पारखण्याच्या ज्या पद्धती तिथे शिकलो आणि ज्या माझ्या अनुभवातून तयार झाल्या, त्या सांगतो. कोणाच्या घरात असा पाय असेल तर उपयोगी पडतील.

पहिली पेन्सिलची. पाय घालून त्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहा. सॉकेटच्या वरच्या काठाला लागून मोज्यावर पेन्सिलने रेघ मारा. मग पाय उचलून लटकता ठेवा आणि बघा, रेघ आणि काठ यांत किती अंतर पडलं. थोडंसं चालतं. बोटाच्या पेराएवढं पडत असेल तर पाय आत-बाहेर पंपासारखा चालतो आहे, आणि दर पावलाला खुंट आपटतो आहे. इथेही पट्टा आवळण्याचा मोह टाळायचा. आधी मोजा वाढवून बघा. पाय कापल्यानंतर पहिलं वर्षभर खुंट आकसत जातो. सकाळी बसलेलं सॉकेट चार महिन्यांनी सैल पडतं. एक सुती मोजा जास्त चढवला की पुष्कळदा काम होतं. तीन-चार मोजे लागायला लागले की समजायचं, सॉकेट बदलायची वेळ झाली.

दुसरी घड्याळाची. अर्धा तास चालून पाय काढा. लाल खुणा दिसतीलच, पण त्या कुठे आहेत आणि किती वेळ राहतात ते बघा. सोसणाऱ्या जागी लाली असेल आणि दहा मिनिटांत गेली तर काळजी नाही. नडगीच्या धारेवर किंवा टोकावर असेल, किंवा वीस मिनिटांनीही तशीच असेल, तर तो पाय घेऊन परत जायचं. सांगायला लाजायचं नाही.

उंचीची एक परीक्षा माझी आवडती, कारण ती वह्यांची आहे. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून सरळ उभं राहा आणि दुसऱ्याला मागून बघायला सांगा. एक बाजू खाली असेल तर त्या पायाखाली शंभर पानी वही सरकवा, मग दोनशे पानी, कंबर सारखी होईपर्यंत. माझ्या शाळेतल्या मुलांनी माझा तिसरा पाय दीड वहीने आखूड ठरवला होता. त्यांचं अगदी बरोबर निघालं.

आणि ऊन. याचा विचार कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. प्लास्टिकच्या सॉकेटला श्वास नाही. मे महिन्यात दुपारी दोनला अमळनेर स्टँडवर उभं राहिलं की आत घामाचं तळं होतं. ओली कातडी लवकर सोलते, आणि घामाने पायही निसटतो. मी पिशवीत दोन कोरडे मोजे ठेवतो आणि दुपारी बदलतो. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात भिजून ताणतो आणि वाळला की आखडतो, म्हणून तो जुलैत एका छिद्रावर आणि ऑक्टोबरात दुसऱ्या छिद्रावर. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटची परीक्षा म्हणजे जिथे वापरायचा तिथेच वापरून बघणं. शिबिरातली सतरंजी आणि दुकानातला गालिचा सारखेच खोटे. मी नवा पाय घेतला की तीन गोष्टी करतो. एसटीची पहिली पायरी चढतो, ती किती उंच असते तुम्ही जाणता. नांगरलेल्या वावरातून आडवा जातो. आणि हिवाळा असेल तर कोणाच्या तरी मळ्यातल्या भरीत पार्टीला. केळीच्या बागेत, जमिनीवर, मांडी घालून, कळण्याची भाकरी आणि भरीत, तास-दोन तास. मांडी घातल्यावर सॉकेटचा मागचा काठ मांडीच्या शिरांत रुततो की नाही, हे तिथे कळतं. रुतला तर काठ थोडा खाली उतरवून घ्यायचा. भरीत पार्टीत नापास झालेला पाय मी ठेवत नाही. वर्षातून तीनशे दिवस मी जमिनीवर बसून जेवतो, मला तोच पाय हवा.

आता एक मुद्दा, ज्यावर भाच्याचं आणि माझं थोडं भांडण झालं. तो म्हणाला, म्हणजे मऊ तेच चांगलं. मी म्हटलं, नाही. स्नोबोर्डच्या बांधण्याही मऊ आणि कडक असतात. मऊ बांधणी शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालते. कडक बांधणी वेगात जाणाऱ्याचा हुकूम लगेच पाळते, पण त्याची चूकही तितक्याच लगेच पाळते. पायाचंही तसंच. फार मऊ पाऊल घेऊन पळता येत नाही, पुढे ढकलायला जोर मिळत नाही. आराम आणि काम यांची ओढाताण असते, आणि कुठे थांबायचं हे वापरणाऱ्याच्या दिवसावर ठरतं. स्कीच्या बांधण्या पडल्यावर आपोआप सुटतात, कारण प्रत्येक पायाची फळी वेगळी आणि पडताना गुडघा पिळवटतो. स्नोबोर्डची सुटत नाही; दोन्ही पाय एकाच फळीवर असल्याने पाय तसे पिळवटत नाहीत, माणूस हातावर पडतो आणि मनगट मोडतं. प्रत्येक बांधणी अशी काहीतरी वाचवते आणि काहीतरी पणाला लावते.

एमी पर्डी नावाच्या अमेरिकन बाईंची गोष्ट भाच्याने मला सांगितली, ती ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. 19 व्या वर्षी मेंदूज्वराने त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. आधीपासून स्नोबोर्डिंगचा नाद. पण त्या खेळासाठी घोटा वाकायला हवा आणि तसं पाऊल मिळेना. तेव्हा त्यांनी आणि पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाने बोल्ट, रबर, लाकूड आणि चिकटपट्टी जमवून स्वतःच पावलं तयार केली. रशियातल्या सोची इथे 2014 च्या हिवाळी पॅरालिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांनी कांस्यपदक मिळवलं. रबर आणि लाकूड! जयपूरच्या पंडितजींनीही तेच घेतलं होतं, मांडी घालण्यासाठी.

इतकं सगळं मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो आहे, पण मागच्या पावसाळ्यात मी स्वतः चुकलो, तेही सांगायला हवं. आमच्या गावात एक आक्का आहेत, साठीच्या. मधुमेहाने पाय गेला. एका शिबिरातून त्यांना नवा पाय मिळाला. मी भेटायला गेलो आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कुठे दुखतं का? "काहीच दुखत नही मास्तर, बेस शे," त्या म्हणाल्या. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवावर मी खूश झालो आणि घरी आलो. बारा दिवसांनी त्यांच्या नातवाला मोज्यावर डाग दिसला. खुंटाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती. त्यांना पत्ता नव्हता. मधुमेहाने कातडीची जाणीवच गेलेली, दुखणार कसं? माझी सगळी पारख दुखण्यावर उभी होती. आराम वाटतो म्हणजे बरोबर बसलं आहे, असं मी धरून चाललो होतो, आणि ज्यांना आराम वाटण्यावर विसंबताच येत नाही अशी माणसं माझ्या हिशेबातच नव्हती. आज पाय गमावणाऱ्यांत मधुमेहाची माणसं थोडी नाहीत.

जखम भरायला दोन महिने लागले. सॉकेट बदलून आणलं, मी बरोबर गेलो होतो. या वेळी कारागिराने "बरा आहे ना?" विचारलं, तेव्हा आक्का "हो" म्हणाल्या आणि मी "थांबा" म्हणालो. अर्धा तास त्यांना आवारात चालवलं, पाय काढला, आणि मागे एक खूण दिसली. कारागीर कुरकुरला, पण त्याने तो काठ तापवून बाहेर वळवला. पुन्हा अर्धा तास. असं तीनदा झालं आणि आमची शेवटची बस चुकली.

आता आक्का रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात. पाय काढून बाजूला ठेवतात, नातू खुंटामागे आरसा धरतो आणि दुसऱ्या हाताने घड्याळ. तो सातवीत आहे. लाल खूण कुठे, किती मिनिटांत गेली, हे तो वहीत लिहितो, आणि रविवारी वही माझ्याकडे आणतो. परवाच्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'उजवीकडे, वाटीखाली, सात मिनिटं.' मी खाली सही केली. भाच्यालाही मी असाच हिशेब ठेवायला सांगितला होता. त्याचा डिसेंबरात निरोप आला: मामा, बूट बदलले, टाच बसली, आता उजव्या पायाची करंगळी दुखते.